तीस मैलांच्या वर्तुळात विमान शिकवताना

पुण्याहून एका बाईंनी विचारलं आहे: मुलगी अमेरिकेत मेरीलँडमध्ये नोकरी करते, नुकतंच ग्रीन कार्ड मिळालं आहे, आता तिला हौस म्हणून छोटं विमान चालवायला शिकायचंय. पण बोटांचे ठसे, सरकारी तपासणी आणि 'वॉशिंग्टनच्या जवळ चुकून गेलीस तर एफ-१६ मागे लागतील' हे ऐकून घरचे धास्तावले आहेत. ही बंधनं ९/११ नंतर आली म्हणतात, तर ती अजून का आहेत? त्यांचा काही उपयोग झाला का? आणि तिने शिकावं का?

शिकावं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

मी मूळचा नाशिकचा. १९९९ पासून वॉशिंग्टनच्या उत्तरेला मेरीलँडमध्ये छोट्या विमानांचा इन्स्ट्रक्टर आहे. म्हणजे बंधनांआधीची दोन वर्षं मी पाहिली आहेत आणि नंतरची सगळी. आधीचं सांगितलं तर आजच्या माझ्या विद्यार्थ्यांना थाप वाटते. तेव्हा व्हाइट हाऊस आणि कॅपिटल, म्हणजे अमेरिकी संसदेची इमारत, यांच्यावरून उडायला बंदी होती, पी-५६ नावाचा तो पट्टा नकाशावर फार आधीपासून आहे. पण तेवढा सोडला तर संध्याकाळी कामावरून सुटलेला माणूस विमानतळावर यायचा, टायरला लाथ मारून बघायचा, तेल तपासायचा आणि उडायचा. कोणाला कळवायचं नाही, कागद भरायचा नाही. गर्दीच्या हवाई क्षेत्रात शिरायचं असेल तर कंट्रोलरला रेडिओवर विचारायचं, तो बहुधा हो म्हणायचा.

११ सप्टेंबर २००१ ला मंगळवार होता आणि आकाश इतकं स्वच्छ होतं की तसं वर्षातून चार-सहा वेळाच मिळतं. माझा विद्यार्थी विमानाचे दोर सोडत होता. आमचा मेकॅनिक हँगरमधून बाहेर आला आणि म्हणाला, थांबा, आत टीव्ही लावलाय. पावणेदहाच्या सुमाराला एफएएने, म्हणजे तिथल्या नागरी विमान वाहतूक खात्याने, देशावरचं प्रत्येक विमान जवळच्या विमानतळावर उतरवायचा आदेश दिला. त्या वेळी साडेचार हजारांच्या आसपास विमानं हवेत होती. दुपारपर्यंत आकाश रिकामं. त्या सगळ्या कारभाराची सूत्रं ज्यांच्या हातात होती त्या बेन स्लायनी यांचा त्या पदावरचा तो पहिलाच दिवस होता. ते काम त्या लोकांनी ज्या शिताफीने केलं त्याला मी आजही हात जोडतो. माझी तक्रार त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे.

प्रवासी विमानं १३ सप्टेंबरला पुन्हा सुरू झाली. ज्या प्रकारच्या विमानांनी हल्ला झाला ती तिसऱ्या दिवशी उडायला लागली आणि आमची छोटी सेस्ना विमानं दोराला बांधलेलीच. मग उपकरणांच्या नियमांनी, म्हणजे सतत कंट्रोलरच्या हुकमतीत उडणाऱ्या छोट्या विमानांना मुभा मिळाली. त्यानंतर काही दिवसांनी डोळ्यांनी बघून उडणाऱ्यांना, पण मोठ्या ३० शहरांभोवतीचं क्षेत्र सोडून. शिकवणी बहुतेक शहराजवळच चालते. त्यामुळे त्या वर्तुळांच्या आतल्या शाळा आठवडेच्या आठवडे बंद राहिल्या. आम्हाला धड शिकवताही येईना आणि विमान तिथून उडवून दुसरीकडे नेताही येईना. हँगरचं भाडं, विम्याचा हप्ता, विमानावरचं कर्ज मात्र चालू. मी तेव्हा शिकवायचो ती शाळा पुढच्या उन्हाळ्याच्या आत बंद पडली. शेतावर औषध फवारणारी विमानंसुद्धा सप्टेंबरअखेर खाली बसवली, कारण हल्लेखोरांपैकी काहींनी अशा विमानांची चौकशी केली होती असं उघड झालं. ती भीती मात्र मला निराधार वाटत नाही. हाताशी माहिती होती आणि तिच्यावर ठरावीक दिवसांसाठी पाऊल उचललं गेलं.

सगळ्यात वाईट हाल झाले वॉशिंग्टनच्या अगदी कुशीतल्या तीन छोट्या विमानतळांचे: कॉलेज पार्क, पोटोमॅक आणि हाइड फील्ड. यातल्या कॉलेज पार्कचं थोडं सांगायलाच हवं. १९०९ मध्ये विल्बर राइट यांनी तिथे अमेरिकन लष्कराच्या अधिकाऱ्यांना विमान शिकवलं. जगात अखंड चालू असलेलं सर्वांत जुनं विमानतळ म्हणून ते ओळखलं जातं. ते पाच महिने ठप्प होतं. फेब्रुवारी २००२ मध्ये उघडलं तेही फक्त तिथेच विमान ठेवणाऱ्यांसाठी. त्यांनी बोटांचे ठसे द्यायचे, गुन्हेगारी नोंद तपासून घ्यायची, मग एक गुप्त क्रमांक मिळणार आणि तो सांगूनच उड्डाणाची नोंद करायची. बाहेरच्या वैमानिकाला तिथे उतरण्याची वाट २००५ मध्ये खुली झाली. मधल्या काळात पेट्रोल विकून आणि पाहुण्या विमानांवर जगणाऱ्या या विमानतळांचं कंबरडं मोडलं. हाइड फील्ड तर आता बंदच झालंय. त्याला इतर कारणंही होती, पण ज्या विमानतळावर पाहुणा येऊ शकत नाही त्याचं किती दिवस चालणार?

नदीपलीकडच्या रेगन नॅशनल विमानतळावर खासगी विमानांना ऑक्टोबर २००५ पर्यंत मज्जाव होता. नंतर परवानगी मिळाली ती अशी: दिवसाला ४८ उड्डाणं, आधी ठरलेल्या विमानतळावर थांबून झडती, आणि विमानात एक शस्त्रधारी सुरक्षा अधिकारी. कंपनीच्या जेटला हे परवडतं. चार आसनांच्या सेस्नात आधीच वजनाची ओढाताण असते, त्यात बंदूकधारी पाहुणा कुठे बसवायचा?

आता मुळातला प्रश्न: छोट्या विमानाने होऊन होऊन किती नुकसान होतं? आम्ही शिकवतो ते सेस्ना १७२ पूर्ण भरलेलं असताना साधारण ११५० किलोचं असतं. रस्त्यावरच्या बऱ्याच मोटारी याहून जड आहेत. टाकीत फार तर २१० लिटर पेट्रोल. ट्विन टॉवर्सवर आदळलेली बोइंग ७६७ ही पूर्ण भारात पावणेदोनशे टनांच्या घरातली जात, आणि धडकेच्या वेळी प्रत्येकात ३८ हजार लिटरच्या आसपास इंधन होतं. जानेवारी २००२ मध्ये फ्लोरिडात टँपाला एका १५ वर्षांच्या शिकाऊ मुलाने इन्स्ट्रक्टरची नजर चुकवून सेस्ना १७२ एकट्याने उडवलं आणि ४२ मजली इमारतीत घातलं. मुलगा गेला, एका कचेरीची खोली उद्ध्वस्त झाली, इमारत जागच्या जागी उभी.

पण 'छोट्या विमानाने काही होतच नाही' असं आमच्यातले काहीजण छाती ठोकून सांगतात, ते मला पटत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये आयकर खात्यावर चिडलेल्या माणसाने आपलं पायपर विमान त्या खात्याच्या कचेरीवर घातलं. तो स्वतः आणि एक कर्मचारी मेला, बरेच जखमी झाले, आगीने इमारतीचं मोठं नुकसान झालं. फक्त हेही बघा की तो अमेरिकन नागरिक होता, रीतसर परवानाधारक, स्वतःचं विमान, स्वतःच्या विमानतळावरून निघालेला. कुठल्याही वर्तुळाने किंवा ठशांनी तो अडला नसता.

वर्तुळ वर्तुळ म्हणतोय ते काय, ते सांगतो, कारण तुमच्या मुलीला त्याच्याशीच घर करायचंय. फेब्रुवारी २००३ मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, वॉशिंग्टनभोवती एक तात्पुरतं संरक्षण क्षेत्र आखलं गेलं. सुरुवातीला त्याचा आकार विचित्र होता, डलस आणि बॉल्टिमोर या दोन मोठ्या विमानतळांना सामावून घेताना दोन्हीकडे फुगवटे आले होते. आम्ही त्याला मिकी माउसचे कान म्हणायचो. २००७ मध्ये ते कान कापून सरळ तीस नॉटिकल मैलांचं वर्तुळ केलं. कायमस्वरूपी करायचा प्रस्ताव आला तेव्हा वीस हजारांहून जास्त हरकती गेल्या, त्यातली एक माझी. १७ फेब्रुवारी २००९ पासून ते कायमचं झालं. 'तात्पुरतं' हा शब्द सरकारी कागदावर दिसला की मला तेव्हापासून हसू येतं. त्याचं आजचं नाव एसएफआरए, विशेष उड्डाण नियमांचं क्षेत्र, जमिनीपासून १८ हजार फुटांच्या खालपर्यंत. त्याच्या पोटात आणखी एक लहान क्षेत्र आहे, एफआरझेड, वॉशिंग्टनपासून तेरा ते पंधरा मैलांपर्यंतचं. तिथे हौशी वैमानिकाने पाऊल ठेवायचंच नाही, अपवाद फक्त त्या कुशीतल्या विमानतळांच्या तपासलेल्या वैमानिकांचा.

मोठ्या वर्तुळात मात्र आम्ही रोज उडतो. सकाळी विद्यार्थी येतो. आधी फ्लाइट सर्व्हिसकडे, म्हणजे उड्डाणांच्या नोंदी घेणाऱ्या सेवेकडे, एसएफआरएचा फ्लाइट प्लॅन भरायचा. हा नेहमीचा फ्लाइट प्लॅन नव्हे. तुम्ही पोहोचला नाहीत तर याच्या जोरावर तुम्हाला शोधायला कोणी येणार नाही. तुम्ही कोण आणि कुठल्या दाराने आत-बाहेर करणार, एवढंच तो सांगतो. होय, दारं आहेत. वर्तुळाच्या कडेला वूली, पॅलिओ, लकी अशा नावांच्या वेशी ठरवून दिलेल्या आहेत. मग इंजिन सुरू करून पोटोमॅक नावाच्याच रडार केंद्रातल्या कंट्रोलरकडून चार आकडी कोड घ्यायचा आणि ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, लावायचा. उडाल्यावर त्याच्याशी बोलायचं. तो म्हणतो, 'ट्रान्सपॉन्डर ऑब्झर्व्ह्ड.' नव्या माणसाला वाटतं, झालं, आता हा आपल्यावर लक्ष ठेवणार. नाही. तुमचा ठिपका मला दिसला, एवढाच त्याचा अर्थ. इतर विमानांपासून दूर राहायची जबाबदारी तुमचीच, आणि डलस-बॉल्टिमोरच्या मोठ्या विमानांच्या क्षेत्रात शिरायची परवानगी यात धरलेली नाही, ती वेगळी मागायची. चांगले शिकलेले लोकही इथे घसरतात.

दुसरी घसरण कोडची. अमेरिकेत इतरत्र डोळ्यांनी बघून उडणारं विमान १२०० हा कोड लावतं. हाताला सवय तीच. वर्तुळातून बाहेर पडताना कंट्रोलर म्हणेपर्यंत आपला कोड बदलायचा नाही, पण विद्यार्थी कड दिसली रे दिसली की १२०० लावून मोकळा होतो. कड अजून मैलभर पुढे असते. रडारवर एका क्षणात ओळखीचं विमान अनोळखी होतं. जुन्या ट्रान्सपॉन्डरला गोल बटणं असतात, ती फिरवताना मध्येच ७५०० येऊन गेला तर तो अपहरणाचा कोड! म्हणून आमच्याकडे कोड जमिनीवरच लावायचा आणि मोठ्याने दोनदा वाचायचा. विमानतळाभोवतीच घिरट्या घालून लँडिंगचा सराव करायचा असेल तर त्याला वेगळा कोड, १२३४, आणि तेही आधी कळवूनच.

चुकलं तर काय? बहुतेक वेळा कंट्रोलरच ओरडतो आणि वाट दाखवतो. फारच आत आलात तर जमिनीवरून लाल-लाल-हिरवा असा लेसर दिव्यांचा झोत तुमच्यावर पडतो. याचा अर्थ ताबडतोब मागे फिरा. त्यापुढे तटरक्षक दलाचं नारिंगी हेलिकॉप्टर शेजारी येतं. त्याच्या दारात अक्षरं चमकणारी पाटी असते आणि तिच्यावर कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं ते लिहिलेलं असतं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण सेस्नाच्या वेगाने एफ-१६ ला धड उडताही येत नाही, आणि घाबरलेल्या वैमानिकाला इशाऱ्यांपेक्षा वाचता येणारी पाटी बरी. नंतर एफएएचं पत्र. चूक नकळत झाली असेल तरी साधारण एक ते तीन महिने परवाना निलंबित होणं मी पाहिलंय. अशी चूक झाली तर दहा दिवसांच्या आत नासाकडे सुरक्षितता अहवालाचा अर्ज भरायचा असतो. चूक मुद्दाम केलेली नसेल तर त्यामुळे शिक्षेतून सूट मिळू शकते. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या किट-बॅगेत त्याची आठवण लिहिलेली चिठ्ठी असते.

एफ-१६ ची गोष्ट घरच्यांनी ऐकली ती बहुधा ११ मे २००५ ची. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान विमानतळावरून दोघे सेस्ना १५० मधून नॉर्थ कॅरोलायनाला निघाले. एक परवानाधारक, दुसरा जेमतेम तीसेक तास शिकलेला. वाट चुकली, ते वर्तुळात शिरले, एफआरझेडमध्येही शिरले, व्हाइट हाऊसपासून तीनेक मैलांवर आले. व्हाइट हाऊस आणि कॅपिटल रिकामी केली, लोक रस्त्याने धावताहेत हे सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. एफ-१६ नी इशाऱ्याचे फ्लेअर सोडले. शेवटी विमान मेरीलँडमध्ये फ्रेडरिकला उतरवलं. राष्ट्राध्यक्ष बुश त्या वेळी गावाबाहेर सायकल चालवत होते आणि त्यांना हे सगळं आटोपल्यावर सांगितलं गेलं. परवानाधारक वैमानिकाचा परवाना रद्द झाला, आणि योग्यच झालं. नकाशा न वाचता राजधानीजवळ जाणं हा गुन्हा वर्तुळ नसतानाही ठरला असता.

त्याच्या आदल्या वर्षी, ९ जून २००४ ला, माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं पार्थिव कॅपिटलमध्ये आणण्याच्या दिवशी, याहून विचित्र प्रकार घडला होता. केंटकीचे गव्हर्नर त्या अंत्यविधीसाठीच सरकारी विमानाने येत होते. विमानाचा ट्रान्सपॉन्डर बिघडलेला. ते कंट्रोलरला ठाऊक होतं, त्याने त्यांना आत घेतलं होतं. पण सुरक्षेच्या दुसऱ्या टेबलावर बसलेल्यांना ते ठाऊक नव्हतं, त्यांना दिसला फक्त अनोळखी ठिपका. कॅपिटल रिकामं करून लोकांना पळवलं. विमानात कोण आहे हे एका खोलीला माहीत, दुसरीला नाही. यावर मी विद्यार्थ्यांशी तासभर बोलू शकतो, इथे आवरतो.

मग उपयोग झाला का? माझ्या पाहण्यात या वर्तुळात जे सापडले ते सगळे चुकलेले, विसरलेले, आळशी किंवा बंद पडलेल्या यंत्राचे बळी. आणि ज्याला ठरवून यायचं होतं तो एप्रिल २०१५ मध्ये आलाच: फ्लोरिडाचा एक पोस्टमन, उघड्या जायरोकॉप्टरमध्ये बसून, काँग्रेसच्या ५३५ सदस्यांसाठी निषेधाची पत्रं घेऊन, थेट कॅपिटलच्या हिरवळीवर उतरला. रडारवर तो पक्ष्यांच्या थव्यापेक्षा किंवा हवामानाच्या खुणांपेक्षा वेगळा उठून दिसला नाही. तरी मी वर्तुळ पूर्ण पुसा असं म्हणत नाही. अनोळखी ठिपके कमी असले की पाहणाऱ्याला खरा अनोळखी लवकर दिसतो, हा कंट्रोलर मित्रांचा मुद्दा मला मान्य आहे. माझं म्हणणं इतकंच की तीस मैल आणि अठरा हजार फूट हा आकडा त्या मुद्द्यातून निघत नाही. तो भीतीच्या दिवसांत ठरला आणि नंतर कमी करायची सही करायला कोणी पुढे आलं नाही. बंधन काढल्यावर काही घडलं तर सही करणाऱ्याचं नाव निघतं, बंधन ठेवल्याने शाळा बुडाली तर कोणाचंच निघत नाही.

याच भीतीच्या आडोशाने लोकांनी आपली जुनी कामंही साधून घेतली. शिकागोच्या तळ्याकाठी मेग्ज फील्ड नावाचं देखणं विमानतळ होतं. महापौर डेली यांना तिथे बाग हवी होती, हे गावाला माहीत होतं. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्री बुलडोझर आले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून गेले. सकाळी सोळा विमानं तिथेच अडकलेली. कारण दिलं सुरक्षेचं. आगाऊ सूचना न दिल्याबद्दल शहराला ३३ हजार डॉलर दंड झाला, विमानतळाच्या निधीतून वापरलेले दहा लाख परत करावे लागले. बाग झाली. अडकलेली विमानं बाजूच्या टॅक्सीवेवरून कशीबशी उडवून नेली.

आपल्याकडेही हे अनोळखी नाही. २६/११ चे हल्लेखोर 'कुबेर' ही मासेमारीची नौका पळवून समुद्रातून आले, आणि त्यानंतर बायोमेट्रिक ओळखपत्रं, बोटींना ठरावीक रंग, नोंदी हे सगळं कोळीवाड्यांच्या वाट्याला आलं. रायगड-रत्नागिरीच्या कोळ्यांशी बोललात तर ते सांगतील, ओळखपत्राला आमची ना नाही, पण रात्री कोणती बोट आपली नाही हे आम्हालाच आधी कळतं, ते विचारायला कोणी येतं का? छोट्या विमानतळांवरही अगदी हेच आहे. डिसेंबर २००२ मध्ये वैमानिकांच्या एओपीए या संघटनेने विमानतळांवर पहारा ठेवायची मोहीम सुरू केली, संशय आला तर फोन करायला एक मोफत क्रमांक ठेवला. खर्च नगण्य. मला आजही वाटतं की त्याने जितकं साधलं तितकं निम्म्या वर्तुळाने साधलं नसेल. आमच्या हँगरच्या ओळीत नवा चेहरा दिसला तर दहा मिनिटांत कोणीतरी कॉफी घेऊन त्याच्याशी गप्पा मारायला जातं.

आणि इथे मी विद्यार्थ्यांच्या तपासणीच्या बाजूचा आहे, हे ऐकून माझे काही सहकारी नाराज होतात. ९/११ चे हल्लेखोर वैमानिक अमेरिकेतल्याच शाळांत शिकले होते. ऑगस्ट २००१ मध्ये मिनेसोटात झकारियास मुसावी नावाचा माणूस जम्बो जेटचं सिम्युलेटर शिकायला आला. तो आयुष्यात कधी एकट्याने विमान उडवलेला नव्हता. शाळेतल्या लोकांना खटकलं, त्यांनी एफबीआयला फोन केला आणि १६ ऑगस्टला त्याला पकडलं. पुढे त्या धाग्याचं काही झालं नाही, ते वेगळं दुःख. याउलट कागदी यंत्रणेचं बघा: मार्च २००२ मध्ये, हल्ल्याला सहा महिने झाल्यावर, फ्लोरिडातल्या शाळेला इमिग्रेशन खात्याची पत्रं आली की मोहम्मद अत्ता आणि मारवान अल-शेही यांना विद्यार्थी व्हिसा मंजूर झाला आहे! दोघेही सहा महिन्यांपूर्वी विमानांसकट जळून गेले होते. त्या पत्रांनी एवढी नाचक्की झाली की तपासणी नीट करणं भाग पडलं. आज ती टीएसए, म्हणजे वाहतूक सुरक्षा प्रशासन करतं. २००४ पासून ती सर्व आकारांच्या विमानांच्या शिकवणीला लागू आहे.

तर तुमच्या मुलीबद्दल. ग्रीन कार्ड असलं तरी या नियमापुरती ती परदेशीच. पुष्कळ मराठी मंडळींना हे माहीत नसतं आणि ते पहिल्या दिवशी शाळेत खट्टू होतात. तिला टीएसएच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावं लागेल, शाळा ते मान्य करेल, मग शुल्क, कागदपत्रं, बोटांचे ठसे. मंजुरीपूर्वी पहिल्या परवान्याची शिकवणी सुरू करता येत नाही, आणि सुरू होण्याच्या दिवशी शाळा तिचा फोटो काढून ठेवते. पूर्वी प्रत्येक टप्प्याला, म्हणजे पहिला परवाना, उपकरणांवर उडायचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, दोन इंजिनांचं विमान, दरवेळी नव्याने सगळं करावं लागायचं. २०२४ च्या नव्या नियमांनी ही तपासणी पाच वर्षांपर्यंत चालते. एका ठिकाणी तरी ओझं हलकं झालेलं मी पाहिलं, म्हणून मुद्दाम लिहितोय. पुढे ती नागरिक झाली की पासपोर्ट दाखवायचा, इन्स्ट्रक्टर लॉगबुकात दोन ओळी लिहून सही करतो, संपलं.

वॉशिंग्टनपासून साठ मैलांच्या आत डोळ्यांनी बघून उडणाऱ्या प्रत्येकाला एसएफआरएचा छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम करावा लागतो. फुकट आहे. प्रमाणपत्र छापून विमानात जवळ ठेवायचं. वर्तुळाच्या आत शिकावं की बाहेर, हे मला हटकून विचारतात. बाहेर, फ्रेडरिकसारख्या ठिकाणी शिकलं तर रोजची कटकट वाचते. पण मी माझ्या मुलीला आतच शिकवलं असतं. पहिल्या तासापासून कंट्रोलरशी बोलायची सवय लागते, रेडिओची भीती जाते, नकाशा वाचल्याशिवाय चैन पडत नाही. आत शिकलेली मुलं पुढे न्यूयॉर्कच्या गर्दीतही गांगरत नाहीत. नाइलाजाने मिळालेला गुण आहे, पण आहे.

शाळा निवडताना तिने एकच गोष्ट विचारावी: तुमच्या विद्यार्थ्याच्या हातून शेवटची एसएफआरएची चूक कधी झाली आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं? 'आमच्याकडे कधीच झाली नाही' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघावं.

आणि या सगळ्याआधी एकदा नुसतं बसून बघायला डेमो उड्डाण मिळतं, त्याला टीएसएची मंजुरी लागत नाही. ऑक्टोबरात, सकाळी आठच्या आत, वारा उठायच्या आधी वेळ घ्यायला सांगा. उन्हासाठी टोपी घालणार असेल तर डोक्यावर बटण नसलेली घालावी. हेडसेटखाली ते फार टोचतं.